नुसतं बोलून काय होणार?

माझ्याकडं येणाऱ्या दहातले आठ पालक हेच विचारतात. पोरगं बोलना झालंय, चिडचिड करलालंय, पण काउन्सिलरकडं जाऊन नुसत्या गप्पा मारून काय फरक पडणार, आणि वरून गावात कळलं तर लोक येडं म्हणतील. मग एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बारावी झालेली मुलगी, लातूरला नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची, रिपीटर (परत तयारी करणारी), हॉस्टेलवर राहायची. दर रविवारी टेस्ट असायची आणि शनिवारी रात्रीपासून पोटात कळा. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, अॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या, आजीनं दृष्ट पण काढली. वडील म्हणाले, "मॅडम, नाटकं करलालीय का बघा."

नाटक नव्हतं. भीती वाटली की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, पोट आवळतं, हे दुखणं खरंच असतं. तिला आधी एवढंच समजावलं तर ती रडायलाच लागली, कारण तोवर तिचं कुणी खरं मानलंच नव्हतं.

मग तिनं वही दाखवली. फी, मेस, रूमभाडं, झेरॉक्स, सगळ्याची बेरीज. फोनवर अर्धवट ऐकलेलं "कर्ज" आणि सोयाबीनचा पडलेला भाव, यावरून पोरीनं ठरवून टाकलेलं की माझ्यासाठी रान गहाण पडलंय. ७२० पैकी मार्क मोजताना ती खरं तर बापाचं कर्ज मोजत होती.

मी सरळ विचारलं, जगूच नये असं वाटतं का? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे. म्हणाली, कधीकधी सकाळ होऊच नये वाटतं. एवढी एक गोष्ट मी वडिलांच्या कानावर घालणार हे तिला आधी सांगितलं. बाकीचं आमच्यातच राहणार होतं. जिवाचा प्रश्न असला तर मी गुप्तता धरून बसत नाही, आणि गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडं पाठवते, औषध देणं हे माझं काम नाही. तिला औषध लागलं नाही.

पुढं दोघांना समोरासमोर बसवलं. वडील हसले आणि मग त्यांचेच डोळे भरले. ते पीककर्ज होतं, दरवर्षीचं, निम्म्या गावाचं असतं तसं. रान जागेवर.

त्याच्या जोडीला बाकीची कामं. झोप वाढवली, श्वास सोडताना लांब सोडायचा सराव, रूमवर घड्याळ लावून छोटे पेपर आणि पोट दुखलं तरी उठायचं नाही. दोन-तीन महिने लागले. मार्कांचं मला विचारू नका, पोट अजून कधीमधी दुखतं पण ती टेस्ट बुडवत नाही.

ज्यांना येणं जमत नाही त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट, रात्रीपण चालू, मराठीत बोलतात.

आणि वडील? शेवटच्या भेटीत म्हणाले, धाकट्याला पण आणू का, दिवसभर मोबाइलवरच असतो. म्हणलं आणा, पण आधी त्याला विचारा.