सलग ३० मिनिटे धावता येऊ लागल्यानंतर अवघड व्यायाम कोणत्या क्रमाने घ्यावेत?

नवशिक्यांचा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण झाला आहे, न थांबता ३० मिनिटे धावता येते, आता वेगाचे व्यायाम कधी आणि कसे सुरू करावेत, असे आपण विचारले आहे. मी पणजीत राहते आणि सहा वर्षांपूर्वी याच टप्प्यावर होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी ४०० मीटरच्या सहा फेऱ्या जीव तोडून धावले. दम चांगला टिकला, त्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांत तेच पुन्हा केले. त्यानंतर उजव्या नडगीत अशी कळ येऊ लागली की दोन महिने धावणे बंद ठेवावे लागले. त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारते, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे) फार सावकाश बळकट होतात. वाढलेल्या भाराला उत्तर देताना हाडाचा जुना भाग आधी झिजवला जातो आणि नवा भाग नंतर भरला जातो, त्यामुळे मधले काही आठवडे हाड उलट नाजूक असते. आपला श्वास आपल्याला पुढे जायला सांगत असतो, त्या वेळी नडगी तयार असेलच असे नाही.

म्हणून पहिले चार ते सहा आठवडे वेगाला हात लावू नये. आठवड्यातले तीन दिवस तसेच ठेवून त्यांपैकी एका दिवसाचे धावणे दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवत ४५ मिनिटांपर्यंत न्यावे, आणि तेही बोलत धावता येईल इतक्या सावकाश. या काळात एवढीच एक भर घालावी: एका सोप्या धावण्याच्या शेवटी २० सेकंदांच्या चार मोकळ्या, झपझप धावा घ्याव्यात आणि दोन धावांमध्ये श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत चालावे. त्यांत जोर लावायचा नसून पाय चपळ ठेवायचे असतात.

यानंतर सपाटीवरच्या वेगाआधी मी चढ सुचवते. चढावर वेग कमी असूनही मेहनत पुरेपूर होते, पाऊल जमिनीवर तितक्या जोराने आदळत नाही आणि पोटऱ्या व मांड्या बळकट होतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आधी लांब पल्ल्याचा पाया, मग टेकड्या आणि त्यानंतरच ट्रॅकवरचा वेग, या क्रमाने नेत असत. १९६० साली रोममध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारे पीटर स्नेल याच पद्धतीत घडले. मी पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर पहाटे ३० सेकंदांच्या सहा चढाया करते आणि खाली चालतच येते, कारण उतारावर धावल्यास गुडघ्यांवर आणि मांड्यांवर भलताच ताण पडतो.

चढ तीन-चार आठवडे अंगवळणी पडले की फार्टलेक, म्हणजे एकाच धावण्यात आलटूनपालटून जोरात आणि सावकाश धावणे, घ्यावे. हा प्रकार स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३०च्या दशकात रूढ केला. एक मिनिट जोरात, दोन मिनिटे सावकाश, असे सहा वेळा केले तरी सुरुवातीला पुरेसे आहे. टेम्पो, म्हणजे काही मिनिटे सलग एकाच जोरकस गतीने धावणे, हा त्याच्या पुढचा टप्पा. आठ मिनिटांचे दोन तुकडे अशा गतीने धावावेत की तीन-चार शब्द बोलता येतील, पण पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. मात्र एका आठवड्यात यांपैकी एकच प्रकार घ्यावा, आणि दर चौथ्या आठवड्यात सगळेच थोडे कमी करावे.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाचलाही हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच गतीला हृदयाचे ठोके कितीतरी वाढतात. थंड प्रदेशासाठी लिहिलेल्या तक्त्यातली किलोमीटरची वेळ गाठण्याचा हट्ट येथे धरू नये. मेहनत किती होते आहे ते पाहावे आणि घड्याळ घरी ठेवावे. मिरामारच्या वाळूवर सावकाश धावणे सुखाचे असते, परंतु किनारा समुद्राकडे कललेला असल्यामुळे एक पाय सतत खाली पडतो, आणि भुसभुशीत वाळूत टाच रुतून पोटरी व टाचेमागची अकिलीस कंडरा ताणली जाते. म्हणून वेगाचे व्यायाम तेथे टाळावेत.

साधे अंगदुखणे दोन दिवसांत ओसरते. हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आठवड्यात दुसरा अवघड दिवस घेण्याचा विचार तीन महिने विनादुखापत गेल्यावरच करावा, आणि त्यासाठी आधी चौथा, सोप्या धावण्याचा दिवस अंगवळणी पडलेला असावा. जून लागला की सावलीतल्या चढांवर शेवाळ धरते. त्या काळात मी चढाऐवजी घराच्या इमारतीचे जिने चढते, आणि ते पावसाळाभर पुरते.