सोमवारी येणारी सर्दी

प्रश्न : डॉक्टर, मी एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये (प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात तिथे) कॉन्ट्रॅक्टवर अटेंडंट आहे, दीड वर्ष झालं. रोज उंदरांचे पिंजरे काढायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या हेच काम. आधी काही नव्हतं पण आता चार-पाच महिने भुसा झटकला की शिंका सुरू, एका दमात दहा-बारा, डोळे लाल होतात, उंदीर हातावरून चालत गेला तर तिथे गांधी उठतात. रविवारी बरं असतं. सिनियर म्हणतात धुळीने होतं, सवय होईल. सरांना सांगितलं तर कामावरून काढतील अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : सवय होणार नाही, उलट वाढत जाईल. तुम्ही "रविवारी बरं असतं" हे जाता जाता लिहिलंय पण माझं अर्धं निदान तिथेच झालं. नुसती सर्दी वार बघून येत नाही. ही बहुतेक उंदरांची ॲलर्जी आहे, प्राण्यांमध्ये काम करणाऱ्यांना होणारा सगळ्यात कॉमन आजार, आणि तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच जास्त करून सुरू होतो, तुमचं दीड वर्ष त्यात बरोबर बसतं.

आता धुळीचं. साधी धूळ नाही ती. उंदराच्या लघवीत एक प्रोटीन असतं (नर उंदरांच्या लघवीत जास्त), ते भुशात वाळतं आणि तुम्ही पिंजरा पालथा करून झटकला की इतके बारीक कण उडतात की ते कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात. म्हणजे पिंजरे धुऊन चहाला गेलात तरी खोलीत ते आहेतच. कपड्यांवर, केसांवर बसून घरीसुद्धा येतात, घरात लहान मूल असेल तर तेही ध्यानात ठेवा.

आज शिंका आहेत, उद्या छातीत सूं सूं वाजायला लागेल, आणि एकदा दमा धरला की काम सोडलं तरी तो सगळ्यांचाच जातो असं नाही. म्हणून आत्ताच छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला की मी उंदरांमध्ये काम करतो, नाहीतर सर्दीची गोळी घेऊन परत याल, असे पेशंट मी खूप बघितलेत. स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या, जमलं तर ॲलर्जीची स्किन टेस्टही.

मास्कचं म्हणाल तर तो निळा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही, बाजूच्या फटीतून सगळं आत जातं. एन-९५ लागतो, आणि दाढी असेल तर तोही चेहऱ्याला नीट बसत नाही, त्यामुळे दाढी ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा. भुसा झटकू नका, हळू ओता, थोडा ओला करून घेतला तर आणखी बरं. कामाचे कपडे तिथेच काढायचे, घरी धुवायला आणायचे नाहीत. डबा त्या खोलीत उघडायचा नाही.

राहिली नोकरीची गोष्ट. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण तोंडी सांगू नका. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी द्या, आणि त्यात पिंजरे रिकामे करण्याऐवजी दुसरं काम, म्हणजे स्टोअर किंवा फीडचं, मागा. तुमच्या कॉलेजच्या प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर एक व्हेटर्नरी डॉक्टर असतातच, आधी त्यांच्याशी बोललात तर सोपं जाईल.

प्रश्न : मी पीएचडी करते, काल डोस देताना रॅटने बोटाला चावलं, रक्त आलं. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?

उत्तर : लॅबमध्येच वाढवलेल्या रॅटसाठी सहसा लागत नाही. धनुर्वाताचं शेवटचं कधी घेतलं ते बघा, आठवत नसेल तर घेऊनच टाका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुतली असेल असं समजते, नुसतं स्पिरिट लावून गप्प बसू नका. आता साधारण तीन ते दहा दिवसांत, कधी त्याहून उशिराही, जखम भरलेली असताना अचानक थंडी-ताप, सांधेदुखी, तळहात-तळपायांवर पुरळ असं काही झालं तर तो रॅट-बाइट फीव्हर असू शकतो. पेनिसिलिनने बरा होतो पण उंदीर चावल्याचं डॉक्टरांना कळलं तरच त्यांच्या डोक्यात येणार ना! आणि रजिस्टरमध्ये नोंद करा, गाइड चिडले तरी.

प्रश्न : मी काम करतो तिथे माकडं आहेत. गॉगल घातला की घामाने काच धुरकट होते, काहीच दिसत नाही. चावत नाहीत तर गॉगल कशाला?

उत्तर : १९९७ मध्ये अमेरिकेत अटलांटाजवळ २२ वर्षांची एक मुलगी पिंजऱ्यातलं ऱ्हीसस माकड हलवत होती, गॉगल नव्हता, माकडाच्या अंगावरची घाण उडून डोळ्यात गेली. चावलं नाही, ओरबाडलं नाही. बी व्हायरसने साधारण सहा आठवड्यांत ती गेली. त्या जातीच्या माकडांना हा व्हायरस म्हणजे आपल्या ओठावर 'जर' उठतो, बारीक फोड येतात, तसला प्रकार, त्यांना विशेष काही होत नाही, माणसाच्या मात्र मेंदूपर्यंत जातो. डोळ्यात काही उडालंच तर लगेच १५ मिनिटं पाण्याने धुवायचं, घड्याळ लावून, आणि तडक डॉक्टरकडे, औषध लवकर सुरू व्हावं लागतं. काच धुरकट होते हे खरंय, वैताग येतो, अँटिफॉग गॉगल मिळतात किंवा पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड मागा. आणि तुम्हाला दोन-तीन आठवडे खोकला असेल तर तुम्हीच माकडांपासून लांब राहा, टीबी आपल्याकडून त्यांना जातो.