इटली स्टार हे शौर्यपदक आहे काय?

प्रश्न : आमचे आबाजी दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या लोखंडी पेटीत सहा टोकांचा कांस्य तारा सापडला. त्यावर मुकुट असून भोवती इंग्रजीत ‘इटली स्टार’ असे लिहिलेले आहे. गावाच्या कमानीवर त्यांच्या नावाखाली ‘शौर्यपदक विजेते’ असे कोरण्याचे ग्रामपंचायतीने ठरविले आहे. तसे कोरणे योग्य होईल काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : केवळ या ताऱ्याच्या आधारावर तसे कोरू नये. इटली स्टार हे शौर्यपदक नसून मोहीमपदक आहे. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या आघाडीवर सेवा बजावणाऱ्या प्रत्येक पात्र सैनिकाला, मग तो बंदूकधारी असो वा लंगरातला स्वयंपाकी, ते मिळत असे. त्यात कमीपणा मुळीच नाही. चौथी, आठवी आणि दहावी या भारतीय डिव्हिजन तेथे लढल्या आणि आपली हजारो माणसे त्या मातीतच राहिली.

शौर्यपदक एका विशिष्ट कृतीसाठी असते आणि ती कृती कागदावर नोंदलेली असते. आबाजींच्याच रेजिमेंटमधील शिपाई नामदेव जाधव यांचे उदाहरण पाहावे. हे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदी ओलांडताना जर्मनांच्या तीन मशीनगन ठाण्यांच्या माऱ्यात त्यांचे बहुतेक सोबती ठार झाले. कोणाचा हुकूम नसताना त्यांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या उभ्या चढावरून सुरक्षित जागी नेले, आणि मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यानंतर त्यांनी एकट्याने पहिले ठाणे बंद पाडले. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन हातबॉम्बने उरलेली दोन्ही ठाणी उडविली, आणि बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलाविले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ होते. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले जाधव पुढे १९८४ पर्यंत जगले. याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना मात्र तो मरणोत्तर मिळाला; १० जुलै १९४४ रोजी ते इटलीतच कामी आले.

तेव्हा पेटी पुन्हा एकदा नीट पाहावी. रुपेरी गोल पदक असेल, तर त्याची मागची बाजू वाचावी. मिलिटरी मेडलवर ‘रणांगणातील शौर्याबद्दल’ आणि इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलवर ‘विशेष सेवेबद्दल’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात, तर कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव असते. पदक न सापडले तरी डिस्चार्ज बुकातील नोंद चालेल. त्यावरचा सैनिक क्रमांक घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार कसा करायचा, ते तेथे सांगतील. अशी नोंद मिळेपर्यंत कमानीवर ‘दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर सेवा बजावलेले सैनिक’ असे लिहावे. ते खरे आहे आणि माझ्या मते पुरेसे भारदस्तही आहे.

एक सूचना : समारंभापूर्वी उजळविण्यासाठी कोणतेही पदक चिंच-राखेने घासू नये, त्याने कडेवरची अक्षरे झिजतात.