जुन्या स्पोर्ट्स कारचं जुनेपण न घालवता तिच्यात कोणते छोटे आधुनिक बदल करावेत?

तुम्ही गाडीचं नाव दिलेलं नाही, म्हणून मी माझ्या गाडीवरूनच सांगतो. माझ्याकडे १९९२ ची युनोस रोडस्टर आहे. युनोस म्हणजे माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, खास जपानच्या बाजारात या नावाने विकली गेलेली. १६०० सीसीचं इंजिन, वजन एक टनाच्याही आत, दोन सीट, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे दिवे. मी मूळचा चिंचवडचा, आता इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. कॉलेजात असताना एकदा गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म सिग्नलला शेजारी येऊन थांबली होती. उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीचं वेड तेव्हापासूनचं.

गाडी घेतली तेव्हा मीही यादी केली होती. मोठा टचस्क्रीन, एलईडी दिवे, मोठी चाकं. सहा वर्षांनी त्या यादीतलं गाडीत जवळजवळ काहीच नाही. जे केलं ते बहुतेक डोळ्यांना दिसतच नाही.

सगळ्यात आधी टायर. आधीचा मालक अभिमानाने म्हणाला होता, ‘बघा, नक्षी अजून नव्यासारखी आहे.’ होतीच, कारण गाडी वर्षाला हजारभर मैलसुद्धा चालत नव्हती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ०९०७ होतं, म्हणजे २००७ चा नववा आठवडा. रबर इतकं कडक झालं होतं की पहिल्याच पावसात गोल चौकावर गाडीचं मागचं टोक पुढे यायला निघालं. तेव्हा मला वाटलं सस्पेन्शन गेलं. नवे टायर घातले आणि आजार गेला! रोज पळणारी गाडी टायर झिजवून गुळगुळीत करते, आपल्यासारख्यांच्या गाडीचे टायर नुसते उभ्या उभ्या म्हातारे होतात. त्यामुळे नक्षी बघू नका, तारीख बघा.

या गाडीच्या टायरचं मूळ माप १८५/६० (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के), चाक १४ इंची. त्या मापात आता निवड फार कमी उरली आहे, म्हणून बरेच मालक १५ इंची चाकावर १९५/५० घालतात. दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात एक-दोन मिलिमीटरचाच फरक पडतो, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मी मात्र १४ वरच राहिलो. गंमत म्हणजे माझदाने २०१७ मध्ये या पिढीच्या गाड्या हिरोशिमात दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नव्याने काढलेल्या सामानात नार्डी या इटालियन कंपनीच्या लाकडी स्टिअरिंगच्या जोडीला ब्रिजस्टोनचे जुन्या १४ इंची मापाचे टायरही होते.

दुसरं म्हणजे दिवे. इथे मी पैसे घालवून शिकलो. सात इंची गोल काच, आत एच-४ हॅलोजन बल्ब, उजेड समईइतका. मी थेट एलईडी बल्ब आणून खोचले. भिंतीवर झगझगाट, रस्त्यावर काळोख! त्या दिव्यातला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश तिथून निघत नाही, मग तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. वर इथल्या वार्षिक पासिंगमध्ये हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब चालत नाही, गाडी नापास होते. माझी झाली.

मग व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला, जो आधीच काढायला हवा होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या टोकाला १२.१. बॅटरी या गाडीच्या डिकीत असते. तिथून करंट पुढे येणार, फ्यूजबॉक्समधून स्टिअरिंगजवळच्या दिव्याच्या स्विचच्या दांडीत जाणार आणि मग दिव्याला मिळणार. तीस वर्षांचे काळवंडलेले जोड वाटेत आपापला हिस्सा काढून घेतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १२ टक्के व्होल्टेज गेलं की एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. उपाय म्हणजे दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), जाड वायर आणि प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज. दांडीने फक्त इशारा द्यायचा, ओझं रिलेने वाहायचं. आपल्याकडे जुन्या बुलेट-ॲम्बेसेडरवाल्यांना हे काही नवीन नाही. खर्च दोघांच्या जेवणाइतका, आणि बल्ब तेच ६०/५५ वॉटचे.

गाण्यांचं सांगतो. जपानमध्ये तेव्हा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर चालायचा, इथे ८८ ते १०८. म्हणजे माझ्या मूळ रेडिओवर यायची ती बीबीसी रेडिओ टू आणि बाकी खरखर. तो रेडिओ काढून चकचकीत स्क्रीन लावणं म्हणजे वाड्याच्या सागवानी खांबावर ट्यूबलाइट ठोकण्यासारखं वाटलं. म्हणून तो जागेवर ठेवला आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे मुठीएवढा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर लपवला. या पिढीतल्या काही गाड्यांना कंपनीनेच डोकं टेकायच्या जागी छोटे स्पीकर दिले होते, माझ्या गाडीतही आहेत. टप उघडा असताना कानाशी नाट्यसंगीत आणि खाली एक्झॉस्टचा सूर. बायकोला हे मिश्रण अजिबात आवडत नाही.

बॅटरीत काटकसर करू नका. डिकीत साधी पाण्याची बॅटरी ठेवली तर चार्ज होताना निघणारा हायड्रोजन तिथेच साठतो. सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी बॅटरी) घ्या, आणि तिच्याही वायूनळ्या बाहेर काढा. हिवाळ्यात तिला छोटा मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली राखणारा) लावून ठेवा.

टपाच्या मागची खिडकी प्लास्टिकची होती. टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडायची असते. थंडीत विसरलात की प्लास्टिकला चीर. नवा टप घालताना मी गरम होणाऱ्या तारांची काच घेतली, त्यामुळे आता नोव्हेंबरातही मागचं दिसतं. ते काम करताना सीटच्या मागची पाणी निघायची भोकं साफ करून घ्या. ती तुंबली की पाणी दाराखालच्या पट्टीत उतरतं आणि पत्रा आतून गंजतो. या गाड्या त्यानेच मरतात.

पेट्रोलच्या नळ्याही बदला. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि भारतात आता २०. जुन्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल झेपणाऱ्या नळ्या मिळतात. गाडी भारतात असेल तर हे काम टायरच्याही आधी करा.

एक बदल उलट दिशेचाही आहे. या गाडीत १९९५ च्या सुमारास माझदाने ऑइल प्रेशरचा खरा काटा काढून नुसता देखाव्याचा बसवला. प्रेशर थोडंफार असलं की तो मधे जाऊन उभा राहतो. त्यानंतरच्या गाडीचे मालक जुन्या प्रकारचा सेन्सर लावून काटा पुन्हा खरा करतात. माझी १९९२ ची, म्हणून मी वाचलो.

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू नका. त्यापेक्षा चांगल्या जागी चाकांची अलाइनमेंट करून घ्या. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (उभं चाक आत-बाहेर किती कललंय) आणि मागच्या चाकांचा टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) बोल्ट फिरवून जुळवता येतो, फक्त ते बोल्ट गंजून जाम झालेले असतात. माझ्या मेकॅनिकने एका बोल्टवर अख्खी दुपार घालवली आणि बिल मात्र तासाभराचंच लावलं.

काढलेलं प्रत्येक ओरिजिनल सामान चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा, पुढचा मालक त्याबद्दलच आधी विचारेल. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा. माझ्या विमा कंपनीने काचेच्या खिडकीला एक पैसाही वाढवला नाही, पण ब्लूटूथ ॲम्प्लिफायरबद्दल तीन ईमेल केले. गाडी कोणती आणि कुठे आहे ते खाली लिहा, मग वायरिंगचं नीट सांगता येईल.