जुन्या घराच्या सागवानातून शिडाच्या छोट्या होडीत पायाखालच्या फळ्या करता येतील का?

पवनीकडचं मातीचं घर पाडलंय, लाकूड पडून आहे आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावरच्या 14 फुटी फायबरच्या होडीत त्याच्या फळ्या बसवायच्या आहेत, असं तुम्ही विचारलंय. निघतील की. फक्त ‘जुनं म्हणजे पक्कं’ हे डोक्यातून काढा. लाकूड घरात कुठं बसलं होतं ते आधी बघा.

माडीच्या पाट्या सगळ्यात उत्तम: कोरड्यात राहिलेल्या, आधीच सपाट. मयालींची (माडी पेलणाऱ्या तुळयांची) भिंतीत गेलेली टोकं फूटभर कापून टाका, वाळवी तिथूनच शिरते. चौकटीचा खालचा दीड-दोन फूटही तसाच कापून टाका. कवेलूंखालचे गोल वासे नकोतच. त्यांत गाभा कमी, बाहेरचा पांढरा भाग जास्त, आणि तो सागाचा असला तरी कुजतो. ऐनाच्या झाडाचं लाकूड मजबूत, पण चिरतं आणि जड: 12 मिमी जाडीचा एक चौरस मीटर साग आठ किलोच्या आत, ऐन दहा-अकरा. बिजा (बिबळ्याचं लाकूड) टिकतो, पण शुगरवाले ज्याच्या पेल्यातलं पाणी पितात तोच हा. ओला झाला की रंग सोडतो, पांढऱ्या फायबरवर डाग पडतात.

टोचा तिरपा खुपसून उचका. लांब, चिवट ढलपी निघाली तर माल चांगला. बिस्किटासारखा आडवा तुकडा पडला तर चुलीत. वाळवीसाठी जळकं ऑइल पाजलेलं असेल तर दोन मिमी रंधून वास घ्या. तरी वास आला तर ती फळी सोडा, त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा राळेचा लेप) धरत नाही. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

खिळे डोळ्यांनी सापडत नाहीत. फुटक्या स्पीकरचं चुंबक फळीभर फिरवा. आरामशीनवाला जुनं लाकूड पाहून हात जोडतो ते उगाच नाही, एका खिळ्यात करवतीचा पट्टा जातो.

खरी गोम ओलाव्याची. मे महिन्यात आपल्याकडचं लाकूड कडकडीत सुकलेलं असतं, होडीत गेलं की ओलावा सहा-सात टक्क्यांनी वाढतो. फळीचं टोक बघा: वलयांच्या रेषा आडव्या असतील तर 100 मिमी रुंदीची सागाची फळी सव्वा मिमीच्या आसपास फुगते, उभ्या असतील तर जवळपास निम्मी. उभ्या रेषांच्या आधी निवडा. रुंदी 100 मिमीच्या वर नको, आणि दोन फळ्यांत चार मिमी फट ठेवा, पाणीही खाली जातं. उन्हाळ्यात फट न ठेवता बसवल्या तर पावसाळ्यात एकमेकींना रेटून मधोमध उचलतात.

दोन चौरस मीटरला 12 मिमीनं तयार माल 0.85 घनफूट लागतो. चिराई, रंधा आणि टाकाऊ धरून दोन घनफूट काढा. फळ्यांखालच्या आडपट्ट्या 30 सेंमीवर. गोड्या पाण्यात 304 स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चालतात, ते खालून मारा. लोखंडी खिळ्याभोवती साग काळा पडतो. टोकं अॅसिटोननं पुसून इपॉक्सीचे दोन हात द्या, नाहीतर सागाच्या तेलामुळे पापुद्रा सुटतो. वरून व्हार्निश नको, ओल्या पायाला घसरतं.

फळ्या कायमच्या ठोकू नका. दोन-तीन भागांत उचलता येतील अशा करा, बोटासाठी 25 मिमीचं भोक पाडा आणि प्रत्येक भाग लाकडी फिरकीनं अडकवा. होडी उलटली की सुटी फळी तरंगत निघून जाते.

घर एका गावात आणि होडी दुसऱ्या गावात असेल तर सागवान गाडीत भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात परवान्याचं विचारून घ्या.