सतराचे एकोणीस करावेत का?

प्रश्न : ताई, आमच्या एसयूव्हीचे टायर बदलायला आलेत. गाडीचं मूळ माप २१५/६० आर १७ ९६ एच. मुलगा म्हणतो, खर्च करतोच आहोत तर चाकंही १९ इंचाची घेऊ, गाडी भारदस्त दिसेल. त्याला कुणीतरी २२५/४५ आर १९ हे माप सुचवलंय. गाडीत आम्ही पाच जण असतो, सुट्टीत डिकी सामानाने गच्च भरलेली असते. सासूबाईंना पाठीचा त्रास आहे. १९ घ्यावीत का? निदान १८?

उत्तर : १९ घेऊ नका. १७च ठेवा. कारणं जरा सविस्तर सांगते, म्हणजे मुलालाही वाचून दाखवता येतील. त्याला गाडीची हौस आहे ही चांगलीच गोष्ट आहे. टायरच्या बाजूवरचे आकडे एकदा वाचता आले की तो स्वतःच पुढचं ठरवेल.

२१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, इथे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे घातलेला टायर. १७ हे रिमचं इंचांतलं माप, म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की अख्खं चाक साधारण ६९० मिलिमीटर उंच भरतं. आता मुलाने आणलेलं माप घ्या. २२५चे ४५ टक्के म्हणजे १०१ मिलिमीटर, रिम ४८२.६, मिळून ६८५. बाहेरून चाक जवळपास तेवढंच राहिलं. वाढलं ते आतलं लोखंड-ॲल्युमिनियम, आणि घटली ती भिंत, २८ मिलिमीटरने. अंगठा आडवा धरून बघा, त्याहूनही थोडी जास्त. रस्त्यावरच्या खड्ड्याचा पहिला धक्का ही भिंत खाते, मग स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. ती कमी केली की उरलेला धक्का सरळ सीटमध्ये येतो. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या पाठीचा उल्लेख आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

भिंत कमी झाली की टायरही लवकर जखमी होतो. मी टायर चढवण्या-उतरवण्यात अर्धं आयुष्य घालवलंय. एखादी गाडी समोर आली की मी आधी बसते आणि तळहात टायरच्या बाजूवरून हळू फिरवते. रबर एकसारखं लागलं पाहिजे. मध्येच लिंबाएवढा उंचवटा हाताला लागला की कळतं, फुगा आलाय. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये भिंत चिमटली गेली, आतले धागे तुटले, आणि आता तिथे हवेला फक्त वरचं रबर अडवतंय. असा टायर दुरुस्त होत नाही, तो त्याच दिवशी काढावा लागतो. बुटक्या भिंतीच्या टायरांना हे फुगे मी किती तरी जास्त वेळा पाहिलेत. रिमही वाकते. वाकलेली रिम गाडी सावकाश चालवताना जाणवत नाही, वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी वाचला जाणारा आकडा. तुमच्या टायरवर मापापुढे ९६ एच लिहिलंय. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग पेलण्याची क्षमता. ९६ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन : ७१० किलो. २२५/४५ आर १९ हे माप साध्या प्रकारात ९२चं येतं, म्हणजे ६३० किलो. एका टायरमागे ८० किलो कमी, चारांमागे ३२०. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन जाणाऱ्या गाडीला ही तूट मी कधीही चालवून घेणार नाही. टायर वजनाने लगेच फुटत नाही, तो तापत जातो. भिंत दर फेऱ्याला दबते, सुटते, पुन्हा दबते, आणि उन्हातल्या लांब प्रवासात ती आतून कमजोर होत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही.

विक्रेता म्हणेल, याच मापात ९६चा, एक्स्ट्रा लोड म्हणजे जास्त वजन पेलणारा प्रकार मिळतो. खरं आहे, मिळतो. पण त्याचे ते ७१० किलो पेलायचे तर त्यात साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. नेहमीचीच हवा भरली तर त्याची ताकद कागदावरच राहते. आणि हवा वाढवली की आधीच कडक झालेली बैठक आणखी कडक. पाठीचा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

वजनाचीही गोष्ट आहे. मोठी रिम बहुतेक वेळा जड असते, आणि तिचं वजन मध्यापासून लांब, कडेला असतं. असं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. इंधनही थोडं वाढतं.

१८चं विचारलंत. तिथे मी सरसकट नाही म्हणणार नाही. २१५/५५ आर १८ची भिंत ११८ मिलिमीटर, अख्खं चाक ६९४. मूळ चाकाशी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. २२५/५५ आर १८ घेतलं तर चाक ७०५ होतं, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त मोठं. काटा १०० दाखवत होता त्या फेऱ्यांना गाडी आता दोन किलोमीटर जास्त पळते. आणि १७च्याच रिमवर कुणी २३५/६० चढवले तर फरक साडेतीन टक्के होतो. बाहेरच्या उंचीत मी दोन टक्क्यांच्या आतच राहते. पण हे गणित करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर कंपनीने चिकटवलेला कागद असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. काही गाड्यांना एकाच मॉडेलमध्ये दोन मापं दिलेली असतात, छोट्या आवृत्तीला १७, वरच्या आवृत्तीला १८. गाडीच्या पुस्तिकेतही ती सापडतात. तुमच्या मॉडेलला कंपनीनेच १८ दिलं असेल तर तेच माप, तीच रिमची रुंदी, तोच लोडचा आकडा घेऊन खुशाल बसवा. नसेल दिलं तर १७वर समाधान माना.

रिम घेताना नटांची भोकं जुळली म्हणजे झालं असं बरेच जण समजतात. मधलं भोकही हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक चढतं त्यावर, घट्ट बसावं लागतं. एक कुटुंब नव्या रिम बसवून माझ्याकडे आलं होतं, ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते म्हणून. दोनदा बॅलन्सिंग करून झालं होतं. चाक काढलं तर मधलं भोक हबपेक्षा चांगलंच मोठं, आणि मधली जागा भरणारी कडीच बसवलेली नव्हती. चाक नटांच्या भरवशावर जिथे बसलं तिथे बसलं होतं, मध्यावर नव्हतंच. योग्य मापाच्या कड्या टाकल्या, थरथर गेली. तिसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. रिमवर ईटी ४५ किंवा ईटी ३५ असं कोरलेलं असतं. रुंदी तीच ठेवून ४५चं ३५ केलं तर चाक १० मिलिमीटर बाहेर सरकतं. बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि टायर मडगार्डला घासू शकतो. मी तपासते ते असं : मडगार्डच्या आतल्या कडेला ओला खडू फासायचा, गाडीत घरची सगळी माणसं बसवायची, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गतिरोधकावरून सावकाश न्यायची. उतरून बघायचं, खडू कुठे पुसलाय. रिकाम्या गाडीवर केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही.

रिमचे वाचलेले पैसे चांगल्या टायरांत घाला. तुमचा सगळा प्रवास डांबरी रस्त्यावर असेल तर हायवे प्रकारचे, एच/टी लिहिलेले टायर घ्या. मोठ्या गोट्यांचे ए/टी, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर दणकट दिसतात, पण पक्क्या रस्त्यावर ते आवाज करतात, आणि ओल्या डांबरावर पकडीत सहसा मागे पडतात. कच्च्या वाटेवर वरचेवर जाणाऱ्याने ते जरूर घ्यावेत.

प्रश्न : पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत, मागचे बरे आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. सध्या दोनच नवे घ्यायचे आहेत. ते पुढेच बसवायचे ना?

उत्तर : मागे बसवा. मागचे बरे आहेत ते पुढे आणा.

हे ऐकून लोक माझ्याकडे शंकेने बघतात, कारण ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची चाकं, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांवर. मीही सुरुवातीला असाच विचार करत असे. माझ्या मोठ्या भावाच्या गाडीला मीच दोन नवे टायर पुढे बसवून दिले होते. पहिल्याच मोठ्या पावसात, एका साध्या वळणावर, त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. अर्धा वेढा घेऊन गाडी आली त्या दिशेला तोंड करून कडेच्या मातीत थांबली. मागच्या सीटवर दोन मुलं होती. कुणाला खरचटलंही नाही. मी जाऊन मागचे टायर पाहिले, खाचा जेमतेम तीन मिलिमीटर उरलेल्या. पुढच्या नव्या टायरांनी पाणी कापलं, मागचे पाण्यावर तरंगले.

पुढची पकड सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. तेव्हा माणूस आपोआप पाय काढतो, वेग उतरतो आणि गाडी बहुतेक वेळा पुन्हा हाताशी येते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरायला सरावाचे हात लागतात. म्हणून जास्त खाचांचे टायर मागे.

पण तुमचे मागचे खरंच बरे आहेत का, ते आधी बघा. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजत त्या उंचवट्यांना टेकला की तो संपला. मी स्वतः तीन मिलिमीटरलाच बदलायला सांगते, कारण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी उतरू लागते.

गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर मात्र दोनाचा विचार सोडा. नव्या टायरला आठ मिलिमीटर खाच आणि जुन्याला तीन, असं धरलं तर साधारण ६९० मिलिमीटरचं जुनं चाक एका किलोमीटरला नव्यापेक्षा सुमारे सात फेरे जास्त घेतं. पुढच्या-मागच्या चाकांतला हा फरक मधली यंत्रणा अखंड सोसत राहते, तापते आणि झिजते. तिची दुरुस्ती दोन टायरांपेक्षा फार महाग पडते. किती फरक चालतो हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

प्रश्न : नवा टायर म्हणून दिलेला टायर खरंच नवा आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : बाजूवर डॉट (DOT) अशी इंग्रजी अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला ओळ अर्धवट दिसली तर पूर्ण ओळ दुसऱ्या बाजूला असते. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर मी बिनधास्त घेते. दोन वर्षांच्या पुढचा असेल तर दुसरा मागते. न वापरताही रबर म्हातारं होतं, म्हणून स्टेपनीचीही तारीख बघा. ती दहा वर्षांची निघाली तर खाचा कितीही कोऱ्या असोत, तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न : टायरच्या बाजूवर ५१ पीएसआय लिहिलंय. तेवढी हवा भरायची का?

उत्तर : नाही. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. भरायची ती दाराच्या खांबावर लिहिलेली. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. सुट्टीला निघताना दुसरा आकडा पाळा. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसते, ती सोडून देऊ नका, गार झाल्यावर टायर कमी हवेचा राहील. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवे घ्या, अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, तपासून घ्या.