चार एकर ऊस आहे, रासायनिक सोडून मिश्र पिकांच्या नैसर्गिक शेतीकडं यंदाच वळू का?

वाळवा तालुक्यातले आहात म्हणून मोकळं सांगतो. चारही एकर यंदाच? नको. मी पलूसकडचा, हा उद्योग करून बसलोय.

२०१६ ला एका शिबिरातून आलो आणि दोन एकर खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाचा, युरिया, डीएपी एका दणक्यात बंद केला. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, सगळं रानात ठेवलं, वर जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून आंबवलेलं पाणी) सोडलं. दोन महिन्यांत ऊस पिवळा. बांधावरनं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "कावीळ झालीय का हो उसाला?" एकरी ४८ टन पडायचं तिथं २९ वर आलो. सोसायटीचं कर्ज मात्र पुरतं फेडावं लागलं.

चूक पाचटाची नव्हती. पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं. ते जमिनीतलं आधी उचलतात, ऊस उपाशी राहतो. म्हणून टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत अशी शिफारस आहे. होय, सेंद्रियकडं जातानाही युरिया. सोवळ्यातली मंडळी नाक मुरडतील, मुरडू देत.

तेव्हा सुरुवात खोडव्यापासून करा. तोड झाली की काडी लावू नका. पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि ते उघडे ठेवा, नाहीतर फुटवा कोंडतो. एप्रिलमध्ये पाचट हातानं सारून बघा. वर कुरकुरीत, खाली गार काळी ओल, पांढऱ्या बुरशीची जाळी, एखादं गांडूळ. शेजारच्या जाळलेल्या रानाला त्याच दिवशी बोटभर भेगा असतात. भांगलणीचा खर्चही बराच वाचतो.

मग एका एकरात निडवा, म्हणजे खोडव्यानंतर त्याच बुडख्यांचं पुढचं पीक, ठेवू नका. जूनमध्ये ताग पेरा, फुलावर यायच्या बेताला हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडा, रब्बीला हरभरा घ्या. हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे हरभरा निघालेल्या रानात, उसाची सुरू (हिवाळ्यातली) लागण करायची, सरी पाच फुटी, मधे भुईमूग. मी हळदही करतो, कडेनं एरंड असतो, पण हळदीचा दर ऐकायला छाती लागते.

औषधांचं म्हणाल तर २००२ चा लोकरी मावा आठवा, उसाचा रस शोषणारी कीड. आपल्याच जिल्ह्यात तो पहिल्यांदा दिसला. उंच उसात फवारा पोचेना. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी आवरला. त्या वर्षापासून आमचे वडील पंप पाठीवर घेताना दहादा विचार करायचे.

एक मात्र आधी बघा. उन्हाळ्यात रानावर पांढरा क्षार फुटत असेल तर पहिला पैसा निचऱ्यावर घाला, चर काढा नाहीतर सच्छिद्र पाइप टाका. अशा खारवट रानात जिवामृताचे ड्रम ओतून काही होत नाही.

आणि विक्री. ऊस कारखाना नेतो, खपली गहू केला तर तो कोण नेणार? पहिल्या वर्षी माझी सहा पोती पडून राहिली. कांडून कुठं मिळेल तेच शोधत फिरलो. शेवटी आईनं निम्मी पाहुण्यांत वाटली. आता सांगलीतली दहा-बारा घरं ठरलेली आहेत, त्यांना पेरणीआधी फोन करतो, मगच किती गुंठे पेरायचं ते ठरवतो.